रुबेनकाकांची शनिवारची शेड

रुबेनकाका, मी तुमच्यावर अजून रागावलेलीच आहे. गेलेल्या माणसावर राग धरू नये म्हणतात. पण भांडण अर्धवट टाकून तुम्ही गेलात, त्याला मी काय करू? सोमवारी मला पुण्याला उत्तर द्यायचंय, जाते की इथंच राहते ते. ज्याच्याशी वाद घालून हे ठरवायचं होतं तो माणूसच जागेवर नाही. तुमच्या मागे या घरात एकट्या उरलेल्या सारामावशींना हे सांगितलं तर त्या म्हणाल्या, मग लिहून काढ, त्यांच्याशी बोलायची सवय होती तुला. म्हणून तुमच्या रोह्याच्या घराच्या ओट्यावर बसून लिहितेय. मावशींनी चहा ठेवलाय आणि नेहमीसारखी साखर जास्त झालीय.

पहिल्यांदा तुमच्या वर्कशॉपमध्ये आले तेव्हा मी तुम्हाला सरळ आळशी ठरवलं होतं. मी तेव्हा डोलवीला कंपनीत कंत्राटावर होते, इन्स्ट्रुमेंटेशनचा डिप्लोमा करून आठ-आठ तास मीटरचे आकडे टिपत होते. डोक्यात एक यंत्र घोळत होतं आणि त्यासाठी एक छोटा दांडा लेथवर फिरवून हवा होता. शिफ्टमधल्या कुणीतरी सांगितलं, रोह्याला रुबेनशेठच्या शेडवर शनिवारी जा, तिथं कुणालाही मशीन वापरू देतात. पेणहून एस.टी. पकडून नागोठण्यावरून आले. पाहते तर शेडचं दार सताड उघडं, आत दोघंतिघं कामाला लागलेली, आणि मालक बाहेर बदामाच्या झाडाखाली प्लास्टिकच्या खुर्चीत, दोन्ही हात काखेत घालून बसलेला.

मी म्हटलं, दांडा फिरवून हवाय. तुम्ही म्हणालात, मग फिरव की, लेथ आत हाय. मला येत नाही म्हटलं. तुम्ही म्हणालात, "मग आज शिकशील. मी सुट्टीवर हाय, मशीन नाय."

तुमचा शब्बाथ मला नंतर कळला. शुक्रवारी ऊन उतरलं की शनिवारी चांदण्या दिसेपर्यंत तुम्ही कामाला हात लावत नव्हता, साधं दिव्याचं बटणसुद्धा नाही. तुमच्या पूर्वजांचे तेलाचे घाणे होते आणि ते शनिवारी बंद असायचे, म्हणून कोकणात तुम्हा ज्यू लोकांना शनवार तेली म्हणायचे, हे तुम्ही मला इतक्या वेळा सांगितलंत की माझ्या आईलाही पाठ झालं. घाण्याच्या जागी तुमच्या वडलांनी लेथ आणला, सुट्टी मात्र तीच राहिली. तुम्हाला एवढंच वाटलं की आपण बसलो म्हणून मशीन का बसवून ठेवायची. ज्याच्या डोक्यात काही आहे आणि हातात काही नाही, त्याने शनिवारी यावं आणि स्वतःचं काम स्वतः करावं. त्याचा फायदा तुम्ही घ्यायचा नाही, तुम्ही फक्त बोलायचं. इस्रायलमधून तुमचे थोरले भाऊ फोनवर ओरडायचे की हेही नियमात बसत नाही. तुम्ही म्हणायचात, त्याचं मी देवाशी बोलून घेईन, तू मध्ये पडू नको.

बोलून बोलून किती बोलायचात हो. हात बांधलेले, त्यामुळे सगळी विद्या तोंडात आलेली. माझा पहिला दांडा वाकडा गेला, दुसरा बारीक झाला, तिसऱ्याला टूलच तुटलं. दुसरा कुणी असता तर त्याने उठून, सरक बाजूला म्हणत माझ्या हातातून काम काढून घेतलं असतं. कंपनीत रोज तेच होत होतं. तुम्ही खुर्चीत बसून तळमळत होतात, मला दिसत होतं. एकदा अर्धे उठलातसुद्धा आणि परत बसलात. संध्याकाळी चौथा दांडा बरोबर निघाला तर म्हणालात, "बरा हाय." एवढंच. सहा वर्षांत याच्यापेक्षा मोठं कौतुक मी तुमच्या तोंडून ऐकलं नाही आणि मला त्याची गरजही पडली नाही.

माझं यंत्र म्हणजे काय, ते तुम्हाला पहिल्या दिवशी सांगितलं तेव्हा तुम्ही पहिल्यांदा काखेतले हात काढलेत. आमचं गाव खारेपाटातलं, धरमतरच्या खाडीला लागून. खाडी आणि भातशेती यांच्यामध्ये मातीचा बांध, आणि बांधात उघाडी, म्हणजे पाण्याचं दार. ओहोटीला शेतातलं पावसाचं पाणी झडप ढकलून बाहेर जातं, भरतीला खाडीचं पाणी तीच झडप दाबून बंद करतं. कुणी उघडायला नको, कुणी लावायला नको. पण झडपेत ओंडका किंवा प्लास्टिकचं बोचकं अडकलं की झडप लागत नाही, खारं पाणी आत येतं, आणि मग दोन-तीन वर्षं त्या शेतात काही पिकत नाही. मी शाळेत असताना आमचं असं झालं होतं. बाबा तेव्हापासून रोजंदारीसाठी कंपनीच्या गेटवर उभे राहायला लागले. मला एवढंच करायचं होतं की बाहेर पाणी चढतंय आणि झडप मात्र उघडी आहे असं झालं की भोंगा वाजावा आणि चार जणांच्या फोनवर निरोप जावा. तुम्ही सगळं ऐकलंत आणि विचारलंत, इतकी वर्षं कुणी केलं कसं नाय? मी म्हटलं, ज्यांना करता येतं त्यांची शेती तिथं नाही.

मग तुम्ही फोन उचललात असं लिहिणार होते, पण शनिवार होता, फोन तुम्ही उचलत नव्हता. रविवारी उचललात. एमआयडीसीत आपली छोटीशी टेस्टिंग लॅब चालवणारा एक जण जेवणाच्या सुट्टीत माझी तार खाऱ्या पाण्यात बुडवून तपासायला तयार झाला, खांब गावच्या बॅटरीवाल्याने जुनी सोलर प्लेट दिली. आणि पेणच्या नंदाताई. मला आजही हसू येतं. सेन्सरला पाणी न शिरणारं कवच हवं होतं आणि साचा बनवणाऱ्याचं नाव काही सापडेना. तुम्ही म्हणालात, अगो, अख्खं पेण साच्यांवर जगतंय आणि तू इंटरनेटवर साचेवाला शोधतेस? नंदाताईंचा गणपतीचा कारखाना. गणपती गेले की त्यांना थोडी उसंत असते. त्यांनी माझा डबा हातात घेऊन उलटापालटा केला आणि म्हणाल्या, उंदराच्या साच्यापेक्षा सोपा आहे. मूर्तीच्या साच्याचं रबर वापरून त्यांनी अशी कवचं काढून दिली की त्यातलं एकही आजपर्यंत गळलेलं नाही.

तुमची अट एकच होती. जो येईल त्याने आपलं काम झाल्यावर पुढच्या कुणासाठी तरी शनिवार द्यायचे. किती ते तुम्ही कधी मोजलं नाही. मीही दिले. पोहे चाळायच्या यंत्राचा पट्टा बसवला, नंदाताईंच्या कारखान्यात मूर्ती न उचलता फिरवायचं टेबल केलं, चढावरच्या घरात राहणाऱ्या एका आजोबांच्या चाकाच्या खुर्चीला ब्रेक लावून दिला. प्रत्येक वेळी वाटायचं, हे माझं काम नव्हे. आणि प्रत्येक वेळी तिथं शिकलेलं काहीतरी माझ्या उघाडीच्या यंत्रात जाऊन बसायचं. झडप लागली की नाही ते कळवणारा आताचा चुंबक त्या फिरत्या टेबलावरूनच सुचला, आठवतं? तुम्ही मात्र म्हणालात, चुंबक माझ्या डोक्यात आधीपासून होता. नव्हता, काका. हा एक वाद मी जिंकलेला आहे असं इथं नोंदवते.

पण नारळी पौर्णिमेचं ते मी कधी विसरणार नाही. पहिलं यंत्र आमच्या उघाडीवर बसवून आठ दिवस झाले होते. पौर्णिमेचं उधाण दुपारी, माझी कंपनीत शिफ्ट. भोंगा वाजला नाही, फोनवर काही आलं नाही, मी निवांत. संध्याकाळी घरी येते तर गावात गडबड. झडपेत फळी अडकून खारं पाणी आत घुसलं होतं. बांधावर चिंबोऱ्या धरायला आलेल्या आदिवासी वाडीवरच्या धाकलीबायने ते पाहिलं आणि आरडाओरडा करून माणसं जमवली, म्हणून शेतं वाचली. माझं यंत्र मुकं. जाऊन पाहते तर गावच्या बायकांनी सकाळी नारळ वाहायला गेल्यावर यंत्राचीही पूजा केली होती. हळदकुंकू, वर झेंडूचा हार. तो हार घसरून पाण्याची पातळी कळवणाऱ्या तरंगत्या चेंडूच्या दांड्याला गुंडाळला गेला आणि चेंडू वर चढलाच नाही. हार घालणाऱ्यांत सगळ्यात पुढे माझी आई.

मी डोक्यात राख घालून दुसऱ्या शनिवारी तुमच्याकडे आले. म्हटलं, या लोकांसाठी काही करण्यात अर्थ नाही, अडाणीपणा नुसता. तुम्ही आधी हसलात, ठसका लागेपर्यंत. मग डोळे पुसून विचारलंत, "तू त्याच गावची ना गो? नवीन वस्तू आली की तिची पूजा होणार, हे तुला ठाऊक नव्हतं?" मला ठाऊक होतं. तुम्ही पुढे म्हणालात, "मग चूक हाराची नाय. हाराला जागा ठेवली नाय, ती चूक."

मला तोंडात मारल्यासारखं झालं. त्या दिवशी मी यंत्राच्या खांबाला वरच्या बाजूला हारासाठी हुक लावला आणि चेंडूभोवती जाळी बसवली. नंतर बाकीच्या गावांतही तोच नमुना गेला आणि कुठंही हाराने घात केला नाही. धाकलीबायला घेऊन ये, असंही तुम्हीच सांगितलंत. ती आली, खुर्चीत न बसता उंबऱ्यावर बसली आणि म्हणाली, ताय, झडपेवर काय बघतेस, पाणी आधी चिंबोरीच्या बिळातून झिरपतंय, मग बांध फुटतोय, मला ठाव हाय कुठं कुठं ते. बांधाची इतकी खडानखडा माहिती असलेलं माणूस कंपनीतही नव्हतं आणि सरकारी ऑफिसातही नव्हतं. आता दर उधाणाआधी ती आणि वाडीवरच्या तिघी बांध पाहून बिळं दाखवतात, गाव ती लिंपतं आणि त्यांना त्या कामाची मजुरी देतं. आधी त्यांना बांधावर पाहून हाकलायचे, बिळं हेच पाडतात म्हणून. हे यंत्राने झालं नाही. ते तुमच्या उंबऱ्यावर झालं.

पुण्याच्या लोकांना हे सगळं एका शब्दात बसवायचं होतं, इकोसिस्टीम. नवीन उद्योगांना आधार देणारं ते केंद्र, मोठी काचेची इमारत. त्यांच्या एका कार्यक्रमात मी यंत्र दाखवलं आणि त्यांनी मला दोन वर्षांसाठी बोलावलं. जागा, लॅब, गुंतवणूकदारांशी गाठ, कोकणातल्याच नाही तर पार दुसऱ्या राज्यांतल्या खारजमिनींपर्यंत यंत्र न्यायची सोय. तुम्हाला तो शब्द सांगितला तर म्हणालात, इकोसिस्टीम म्हणजे खाजणात असते ती? चिंबोऱ्या, कोलंबी, चिखल? मी म्हटलं, हो तीच. तुम्ही म्हणालात, मग ठीक हाय, चिखलाशिवाय सांगत असतील तर जाऊ नको.

मला वाटलं तुम्ही माझ्या बाजूने आहात. मला जायचं नव्हतं. गेले तर शनिवार बुडणार, नंदाताईंच्या साच्याऐवजी कुठल्या तरी कारखान्यातली कवचं येणार, आणि यंत्राची ड्रॉइंगं त्यांच्या कपाटात बंद होणार, ही भीती होती. शिवाय खरं सांगते, तिथं इंग्रजीत बोलायचीही भीती होती. तुम्हाला सांगायला आले की मी नाही म्हणणार आहे. वाटलं होतं, "बरं केलंस" म्हणाल.

तुम्ही म्हणालात, जा.

मी दहा कारणं दिली, तुम्ही अकरा वेळा जा म्हणालात. इथं मी तुला जे शिकवायचं ते शिकवून झालं, आता इथं बसलीस तर नुसती माझ्यासारखी होशील, हे तुमचं म्हणणं. तुमच्यासारखी होण्यात वाईट काय, हे माझं. आवाज चढले. आत लेथ चालवणाऱ्यांनी लेथ बंद केला. आणि मग मी ते बोलले. मी म्हटलं, तुमची सगळी माणसं इस्रायलला गेली, तुम्ही तेवढे मागे राहिलात. स्वतः उंबरा सोडला नाही आणि मला कशाला जा म्हणून सांगताय?

तुम्ही काखेतले हात काढून गुडघ्यांवर ठेवलेत. मग म्हणालात, "मी राहिलो ते बरोबर केलं की नाय, ते मला अजून कळलं नाय, वनिता. म्हणून तर सांगतोय."

मी पर्स उचलली आणि निघून आले. पुढचे तीन शनिवार आलेच नाही. नाकावर राग घेऊन घरी बसले आणि वाट पाहत राहिले की तुम्ही फोन कराल. तुम्ही पण हट्टी, केला नाहीत. चौथ्या आठवड्यात गुरुवारी सारामावशींचा फोन आला. पहाटे छातीत दुखलं आणि दवाखान्यात नेईपर्यंत संपलं.

तुमच्या प्रार्थनेला तुमच्यातले दहा पुरुष लागतात. रोह्यात तेवढे राहिलेत कुठे. पेणहून, अलिबागहून, ठाण्याहून माणसं जमेपर्यंत दुपार झाली. दहा पुरे झाले तेव्हा मावशी पहिल्यांदा रडल्या. त्या दहांच्या मागे आम्ही उभे होतो, तुमच्या शनिवारची माणसं, कंपाउंडच्या भिंतीपर्यंत. नंदाताईंचे हात मातीने भरलेले होते, तशाच आल्या होत्या. मी मागे उभी राहून मनात तुमच्याशी भांडतच होते. दुसरं काही सुचत नव्हतं.

परवा मी पुण्याला फोन केला, नाही म्हणायला. आता तर शेड सांभाळायला हवी, मग जायचा प्रश्नच उरला नाही, असं मी स्वतःला पटवलं होतं. फोनवर तिथल्या बाई होत्या. त्यांना तुमची बातमी सांगितली तर आधी त्यांनी तुमचं नाव पुन्हा विचारून घेतलं. मग म्हणाल्या, ते गेल्याच महिन्यात आले होते. मी विचारलं, कुठे? तर म्हणाल्या, इथे, पुण्याला. तीनदा आले. पहाटेच्या एस.टी.ने, कापडी पिशवीत ते उघाडीचं यंत्र घेऊन.

काका, मी त्यांना पुन्हा पहिल्यापासून सांगायला लावलं.

त्या सांगत होत्या आणि मी ऐकत होते. ही ड्रॉइंगं खारेपाटातल्या गावांना खुली राहिली पाहिजेत, नाहीतर मुलगी मिळणार नाही, असं तुम्ही त्यांना सांगितलंत. कवचं पेणलाच बनतील, असं सांगितलंत. बांधावर फिरणाऱ्या बायकांचं काम कागदावर यंत्राइतकंच ठळक लिहा, असं सांगितलंत. त्यांचे वकील म्हणाले असं करता येत नाही, तर तुम्ही म्हणालात, मी बसलोय, करता येईल तेव्हा सांगा. आणि बसून राहिलात. त्या बाई म्हणाल्या, "इतके भांडले की आम्हाला वाटलं, यंत्र त्यांनीच बनवलंय. शेवटच्या वेळी विचारलं, ती नाही म्हणाली तर जागा किती दिवस रिकामी ठेवाल? आम्ही म्हटलं, आठवडा. त्यांनी महिना करून घेतला." तो महिना सोमवारी संपतोय.

म्हणजे इथं बदामाखाली बसून तुम्ही पुण्याची बाजू मांडत होता आणि पुण्यात जाऊन माझी. मी तीन शनिवार रुसून घरी होते तेव्हा तुम्ही माझीच कारणं, जी तुम्ही एक-एक करून खोडली होतीत, ती तिथं कुणालातरी ठणकावून सांगत होता. मावशींना विचारलं, तुम्हाला ठाऊक होतं? त्या म्हणाल्या, हो गो, डबा मीच करून द्यायचे. मग मला का नाही सांगितलं? तर म्हणाल्या, तुला सांगितलं असतं तर तू त्यांचं मन राखायला गेली असतीस. त्यांना ते नको होतं.

शेडची काळजी करू नका. मावशी ती कुणालाच विकणार नाहीत, इस्रायलमधल्या तुमच्या मुलालाही फोनवर तसं सांगून टाकलंय. लॅबवाले आणि नंदाताई दर शनिवारी आळीपाळीने येणार आहेत, मी पुण्याहून जमेल तशी येईन. धाकलीबायने तर विचारलंसुद्धा नाही, ती गेल्या शनिवारी सरळ येऊन उंबऱ्यावर बसली.

मी सोमवारी हो म्हणणार आहे. तुमचं म्हणणं मला पूर्ण पटलंय असं समजू नका. इथं राहून तुमच्यासारखं होणं म्हणजे काहीतरी कमी होणं, हे मी मरेपर्यंत मान्य करणार नाही, आणि तुम्ही असतात तर यावर आणखी चार शनिवार गेले असते. पण त्या दिवशी मी जे बोलले त्याची मला लाज वाटते. माफ करा, काका. मी ते दुखवायलाच बोलले होते.

आणि तुम्ही राहिलात ते बरोबर केलं की नाही, हे तुम्हाला शेवटपर्यंत कळलं नाही, म्हणालात. मला कळलंय. तुम्ही राहिलात, म्हणून मला जाता येतंय.